पाच सूत

मागचं चाक बाहेर काढलं, हबच्या स्प्लाइनवरून बोट फिरवलं आणि बोटाला रक्त आलं. स्प्लाइनचा दाता माथ्याला सपाट असतो, हाताला बोथट लागतो. इथे एकेक दाता झिजून सुरीच्या पात्यासारखा झाला होता. त्याच्या समोरचा, फायनल ड्राइव्हवरचा जोडीदारही तसाच. मधे ग्रीसचा मागमूस नाही, नुसती गंजाची लाल पूड. आधीच्या कुणा मालकाने कैक वर्षं चाक काढलं, टायर बदलला, चाक परत बसवलं आणि दर वेळी चमचाभर ग्रीस लावायचं राहून गेलं. एवढ्या एका गोष्टीवरून पुढचं पाच महिन्यांचं काम निघालं.

गाडी यामाहा एक्सएस 1100. 1978 साली ती आली तेव्हा रस्त्यावरच्या सर्वांत ताकदवान गाड्यांत तिची गणती होती: चार सिलिंडर, अकराशे सीसी, 95 हॉर्सपॉवर आणि अडीचशे किलोच्या वर वजन. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट. मी मेलबर्नच्या डँडेनाँग भागात एका लहान मशीन शॉपमध्ये काम करतो. त्याआधीची नऊ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काढली. इथे जुन्या गाड्या स्वतःच्या मनासारख्या घडवून घेणारे हौशी पुष्कळ आहेत. फ्रेम, टाकी, रंग ते स्वतः बघतात. जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची गोष्ट येते तिथे आमच्याकडे येतात.

मालकाला गाडी हलकी, उघडीवाघडी, तारांच्या चाकांची करायची होती आणि शाफ्टच्या जागी चेन हवी होती. मी पहिल्या भेटीत नकोच म्हणालो. शाफ्ट ही चांगली वस्तू आहे. बीएमडब्ल्यूने 1923 साली पहिली मोटरसायकल काढली, ती आर 32, तिला शाफ्टच होता आणि शंभर वर्षांनंतरही त्यांच्या मोठ्या बॉक्सर गाड्यांना तो आहे. धूळ नाही, ताण बघणं नाही, पँटला काळे डाग नाहीत. निव्वळ दिसण्यासाठी शाफ्ट काढणं मला आजही पटत नाही. पण स्प्लाइन पाहिल्यावर माझा विरोध मावळला. हब गेलं होतं, फायनल ड्राइव्ह गेलं होतं आणि मिळतील ते जुने भाग तितकेच झिजलेले असण्याची शक्यता दांडगी होती. शिवाय जुनं ओतीव चाकच त्या ड्राइव्हला बसतं, तारांचं चाक लावायचं तर सगळंच नव्याने करावं लागणार.

काम घेतलं त्या रात्री आण्णांना फोन केला. आण्णा माझे उद्यमनगरातले उस्ताद. मायक्रोमीटर धरायला मला त्यांनी शिकवलं. उसाच्या चरकांना लागणाऱ्या तेल इंजिनांवर त्यांची हयात गेली. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "काढाय लागलाईस ते काढ. पर ते आत बसून काय काय काम करत हुतं ते आदी वहीत लिवून काढ. तू एक वस्तू काढतोस लेका, तिची कामं न्हाईत काढत."

मी लिहून काढलं. वरवर बघणाऱ्याला शाफ्ट म्हणजे इंजिनची ताकद चाकाला पोचवणारा दांडा. पण आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक आडवा असतो आणि चाकही आडव्या अक्षावरच फिरतं. मधला शाफ्ट तेवढा उभा, गाडीच्या लांबीत जाणारा. म्हणजे ताकद दोनदा काटकोनात वळवावी लागते. एकदा इंजिनच्या डाव्या बाजूला, मिडल गिअरच्या केसिंगमधल्या बेव्हल गिअरपाशी, दुसऱ्यांदा चाकापाशी, फायनल ड्राइव्हमध्ये. प्रत्येक वळणावर थोडी ताकद उष्णतेत जाते. ही दोन्ही वळणं चेनला लागत नाहीत, इंजिनमधून आडवा निघालेला दांडा सरळ स्प्रॉकेट फिरवतो. म्हणूनच आडव्या इंजिनच्या गाडीला चेन लावता येते. मोटो गुझी किंवा होंडाची सीएक्स 500 घेऊन कुणी आला तर मी वहीसुद्धा उघडत नाही. त्यांत क्रँकच लांबीत असतो, गिअरबॉक्समधून ताकद बाहेर येते तीही लांबीतच.

पुढचं काम धक्का जिरवण्याचं. क्लच सोडताना, गिअर बदलताना, अॅक्सिलरेटर एकदम सोडताना जो हिसका बसतो तो कुठेतरी मऊ जागेत मुरला पाहिजे. या गाडीत तो मिडल गिअरमधल्या, तगड्या स्प्रिंगने दाबलेल्या कॅमवर मुरतो. मिडल गिअर काढलं की ती जागाच जाते. म्हणून नवीन हब असं हवं की स्प्रॉकेट आणि हबच्या मधे रबराचे ठोकळे असतील. पुष्कळ जण घट्ट बोल्ट केलेलं स्प्रॉकेट लावून मोकळे होतात. काही हजार किलोमीटर गाडी धावते, मग गिअरबॉक्सचे दाते बोलायला लागतात.

तेल अडवण्याचं काम होतं, आणि चेनची ओढ बेअरिंगने सोसण्याचं. ही दोन कामं मला सर्वांत जड गेली.

सुरुवात मात्र दिशेपासून केली. चारही प्लग काढले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि स्पॅनर लावून क्रँक हाताने फिरवला. मिडल गिअरचं केसिंग उघडलेलं होतं, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या रंगाची खूण केली होती. खूण चाकाच्या दिशेने, पुढे फिरली. चेन दिशा बदलत नाही. बेव्हल गिअर बसवताना कंपनीला दिशा हवी तशी वळवून घेता येते, त्यामुळे शाफ्टच्या इंजिनातला दांडा पुढेच फिरेल असं धरून चालता येत नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही गाडीवर एक रुपया खर्च करण्याआधी करायचं आहे.

मग चेन. चेनवर 520, 525, 530 असे आकडे असतात. दुकानात विचारलं तर मोठा आकडा म्हणजे मजबूत चेन एवढंच सांगतात. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला त्या आकड्यांचा अर्थ एका क्षणात लागतो, कारण ते आकडे सुतात आहेत. आमचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिलिमीटरात 3.175. 530 मधला पाच म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर पाच सूत, 15.875 मिलिमीटर. पुढचे तीस म्हणजे आतली रुंदी तीन सूत. 525 ची रुंदी अडीच सूत, 520 ची दोन. जपानी चेन, ऑस्ट्रेलियातली गाडी आणि माप मात्र कोल्हापूरच्या मिस्त्रीच्या तोंडचं. आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पाच सुती न् तीन सुती म्हण की, आकडं कशाला?" आम्ही पाच सुती, तीन सुती घेतली, कड्यांच्या मधे रबरी रिंगा असलेली. त्या रिंगांच्या आत कारखान्यातच भरलेलं ग्रीस असतं.

दात्यांचा हिशेब असा केला. शाफ्ट अजून जागेवर असतानाच मागचं चाक दहा वेळा फिरवलं आणि इंजिनकडचा दांडा किती वेळा फिरतो ते मोजलं. गुणोत्तर तीनच्या थोडं वर आलं. पुढे 16 आणि मागे 48 घेतले की बरोबर तीन. म्हणजे टॉप गिअरला इंजिन थोडं सावकाश फिरणार, आणि या गाडीला त्याची गरजच आहे. शाफ्ट ठेवून हाच फायदा घ्यायला लोक हिच्यात तीन सिलिंडरवाल्या एक्सएस 850 चं फायनल ड्राइव्ह घालतात. पुढे 17 दाते बसले असते तर मला जास्त आवडलं असतं. विषम दाते आणि सम कड्या असल्या की तोच दाता त्याच कडीला फिरून फिरून भेटत नाही, झीज सारखी वाटली जाते. पण सतराचं स्प्रॉकेट केसिंगला घासत होतं. केसिंग कोरून पातळ करण्यापेक्षा सोळा बरे.

सोळा दात्यांच्या स्प्रॉकेटचा पिच व्यास जेमतेम 81 मिलिमीटर. एवढ्याशा चकतीवर अकराशे सीसीचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये पूर्ण जोर लावतं तेव्हा माझ्या हिशेबाने चेनची ओढ सातशे-आठशे किलोच्या घरात जाते. ही ओढ दांड्याला मागे वाकवते. बेव्हल गिअर असताना दांड्यावर भार यायचा, पण तो वेगळ्या दिशेने आणि बेअरिंगच्या लगत. आता चेन टायरपासून लांब, बाहेर काढायची म्हणून स्प्रॉकेट बेअरिंगपासून बाहेर लटकणार. बादली हातात कोपर अंगाशी धरून उचलली तर जड लागत नाही, हात लांब करून उचलली तर खांदा भरून येतो, तसंच आहे हे. म्हणून स्प्रॉकेटच्या बाहेर आणखी एक बेअरिंग दिलं, बारा मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियम प्लेटमध्ये. ती प्लेट केसिंगच्याच जुन्या बोल्टच्या छिद्रांवर बसवली, नवीन छिद्र एकही पाडलं नाही.

स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो अडॅप्टर मी लेथवर काढला. धातू, आपल्याकडे ज्याला ईएन-24 म्हणतात तो. इथे 4340 या नावाने मिळतो. आत दांड्याच्या स्प्लाइन, बाहेर स्प्रॉकेटच्या, आणि मधे गुळगुळीत गोल भाग, ज्यावर ऑईल सीलचा ओठ टेकतो. माप अचूक आलं. पृष्ठभाग आरशासारखा दिसत होता. बसवला, तेल भरलं, इंजिन चालू केलं. दहा मिनिटं काही नाही. अर्ध्या तासाने सीलच्या खालच्या कडेला एक थेंब जमला, मग दुसरा. थेंब पडत होते ते चेनच्या रस्त्यात, आणि चेन ते उडवणार टायरवर. मागच्या टायरवर तेल म्हणजे माणूस रस्त्यावर.

सील बदललं. पुन्हा थेंब. दुसऱ्या कंपनीचं सील आणलं, तरी थेंब. तीन दिवस मी सीललाच दोष देत होतो. चौथ्या दिवशी अडॅप्टर काढून भिंगाखाली धरला तेव्हा चूक दिसली, आणि ती माझी होती. लेथवर टूल एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत जातं, त्यामुळे वळलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर अतिशय बारीक आटे पडतात. डोळ्याला आरसा दिसतो, पण असतो तो स्क्रू. दांडा मिनिटाला हजारो फेरे फिरतो आणि तो बारीक स्क्रू सीलच्या ओठाखालून तेल बाहेर ओढत राहतो. फिरण्याची दिशा उलटी असती तर हेच आटे तेल आत ढकलत राहिले असते आणि मला कधी कळलंही नसतं.

हे तपासायची एक साधी रीत आहे. दांड्याला हलकं तेल लावायचं, तो लेथवर आडवा धरायचा आणि त्याच्यावरून एक दोरा टाकून दोऱ्याला खाली छोटं वजन बांधायचं. दांडा सावकाश, मिनिटाला साठेक फेरे असा फिरवायचा. पृष्ठभाग निर्दोष असेल तर दोरा जागचा हलत नाही. आटे असतील तर दोरा एका बाजूला चालायला लागतो, आणि फिरण्याची दिशा उलटी केली की तोही उलटा चालतो. मी शिवणकामाचा दोरा घेतला, खाली दोन नट बांधले. लेथ सुरू केला आणि बघत उभा राहिलो. दोरा हळूहळू, कुणी बोटाने सरकवावा तसा, उजवीकडे निघाला. उलटं फिरवलं, डावीकडे आला. तीन दिवस जे मला सापडत नव्हतं ते दहा पैशांच्या सुताने दाखवलं.

उपाय सरळ होता. अडॅप्टर सिलिंड्रिकल ग्राइंडरवर नेला आणि चाक बाजूला न सरकवता, नुसतं सरळ आत देऊन घासला, ठिणग्या थांबेपर्यंत. पुन्हा दोरा लावला. दोरा होता तिथेच राहिला. गाडी पुन्हा जोडली, तासभर चालवली, खाली पांढरा कागद पसरला. कागद कोरा राहिला. माझ्या बावीस वर्षांच्या कामात मला इतका आनंद देणारा कोरा कागद दुसरा नाही.

मागची बाजू त्यामानाने सरळ गेली. जुन्या स्विंगआर्मच्या डाव्या नळीतूनच शाफ्ट जातो, त्यामुळे तो बादच. नंतरच्या काळातल्या एका चेनवाल्या जपानी गाडीचा स्विंगआर्म घेतला आणि पिव्हटच्या रुंदीला जुळणाऱ्या ब्राँझच्या बुशा काढल्या. तारांच्या नवीन चाकाला रबरी ठोकळ्यांचं हब घेतलं, मालकाला तेच हवं होतं. वेळ गेला तो रेषा जुळवण्यात. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका प्रतलात हवं, नाहीतर चेन एका कडेने दाते खाते. लेझरची यंत्रं मिळतात, आमच्याकडेही आहे. मी मीटरभर लांबीची ग्राइंड केलेली पट्टी मागच्या स्प्रॉकेटला चिकटवून धरतो आणि पुढे फिलर गेज घालून बघतो. पहिल्या वेळी फरक दीड मिलिमीटर आला, म्हणजे जवळजवळ अर्धा सूत. स्पेसर तेवढा कमी केला. मग गाडीवर माणूस बसवून पुन्हा बघितलं, कारण रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप मी प्रमाण मानत नाही.

चेनचा ताण बघतानाही हेच. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल तिन्ही एका सरळ रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणते. मागचे शॉकअब्सॉर्बर काढून स्विंगआर्म त्या जागी आणायचा आणि तिथे चेन थोडी तरी सैल आहे ना ते बघायचं. तिथे घट्ट असेल तर प्रत्येक खड्ड्यात ती गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढणार. जुळणीच्या कडीला मी क्लिप वापरली नाही, रिव्हेट केली. ज्यांच्या चेनला क्लिप आहे त्यांनी एवढं पाहावं की तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला आहे.

इंजिन टेबलावर असतानाच दुसरा गिअर उघडून बघितला. एक्सएस 1100 चा दुसरा गिअर निसटतो ही तिची जुनी ओळख आहे. आतल्या डॉगच्या, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या खुंट्यांच्या, कडा गोल होतात. इथेही झाल्या होत्या, त्या घासून सरळ केल्या.

व्हिक्टोरिया राज्यात एवढा मोठा बदल केला तर व्हास या वाहन-तपासणी योजनेतल्या मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही त्यांना काम संपल्यावर नाही, सुरू करण्याआधी बोलावलं. त्यांनी बाहेरच्या बेअरिंगच्या प्लेटचं रेखाचित्र मागितलं, चेनच्या वर आणि खाली दोन्हीकडे गार्ड हवं असं सांगितलं. आण्णांनी विचारलं होतं, "आपल्याकडं चालंल का रं ह्ये?" आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा हे वाचून कुणी पुण्या-कोल्हापुरात शाफ्ट काढायला घेऊ नये. पण इकडचं एक मला मनापासून आवडतं. नियम कडक आहेत, आणि ते पाळून काम करायचं असेल त्याला एक दार उघडं आहे. हात चांगले असलेली कितीतरी पोरं मी उद्यमनगरात पाहिली आहेत. तपासणी करून मान्यता देणारी अशी व्यवस्था आपल्याकडे असती तर त्यांनी उजेडात काम केलं असतं.

गाडी सुरू होऊन आता दोन वर्षं झाली. मालक दर पाचशे किलोमीटरला चेन रॉकेलने पुसतो आणि गिअर ऑईलचा हात देतो, पेट्रोल लावत नाही, कारण पेट्रोलने रबरी रिंगा खराब होतात. शाफ्ट असताना त्याला यातलं काही करावं लागत नव्हतं, आणि हे मी त्याला काम घेण्याआधीच सांगितलं होतं. अॅक्सिलरेटर दिला की गाडीचं मागचं अंग वर उचललं जायचं, ते थांबलं. मागचं चाक हलकं झाल्याने खराब रस्त्यावर ती शांत चालते. सील कोरडं आहे.

काढलेलं मिडल गिअर, शाफ्ट आणि त्याचा युनिव्हर्सल जॉइंट चांगल्या अवस्थेत होते. ते तेल लावून, कागदात गुंडाळून, पेटीवर गाडीचं नाव आणि साल लिहून ठेवले. सहा महिन्यांनी दुसरी एक एक्सएस 1100 आमच्याकडे आली, तिचं मिडल गिअर फुटलं होतं. मालकाने पेटी तिला देऊन टाकली. ती गाडी आज शाफ्टवरच धावते.

तुमच्याकडे शाफ्टची गाडी असेल, तर पुढच्या वेळी टायर बदलायला मागचं चाक निघेल तेव्हा तिथे स्वतः उभे राहा. तिच्या हबमध्ये स्प्लाइन असतील तर पुसून घ्या, बोट फिरवून बघा आणि चाक परत बसण्याआधी त्यांना मॉलीचं ग्रीस लावून घ्या. चमचाभर पुरतं.